आत्याला वेरूळ दाखवलं, त्याची गोष्ट (आणि जाणकारांना दोन प्रश्न)

कावेरीकाठ

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सवडीने वाचा.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आडनावाच्या जागी नुसतं 'राव' लावणारे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. त्यानंतर कारकून, पुरोहित, शिपाई, कीर्तनकार अशी माणसं देशावरून तिकडे जात राहिली, त्यांतलंच आमचं एक घर. कोण आधी गेलं, कोणाबरोबर गेलं, काही ठाऊक नाही. पुरावा एकच. देवघरातल्या पोथीच्या शेवटच्या पानामागे मोडीत चार ओळी आहेत. गोत्र, कुलस्वामिनी तुळजापूरची, एक नाव, आणि खाली 'मूळ गाव वेरूळ'. पणजोबांपासून सगळ्यांनी ते असंच वाचलंय.

माझी आत्या आता ७९ वर्षांची आहे. जन्म तंजावरचा, नोकरी तिथेच शाळेत, आणि तिरुपतीच्या वर कधी आली नाही. बृहदीश्वराचं देऊळ घरापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्याकडे सगळे त्याला 'मोठं देऊळ' म्हणतात. त्या देवळाच्या प्राकारात नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर एक मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला, देवनागरी अक्षरांत, सगळा भोसले घराण्याचा इतिहास. ओळीमागून ओळी, भिंतीमागून भिंत. आत्याला बाळबोध अक्षरं शिकवली ती तिच्या वडिलांनी या भिंतीसमोर उभं करून. शाळेत तमिळ आणि इंग्रजी होती, मराठीचं पुस्तक मिळणं मुश्किल, म्हणून ही भिंत. प्रदोषाच्या दिवशी देवळात गेलं की आजोबा एक ओळ दाखवायचे, आत्या हवेत बोट फिरवत वाचायची. मालोजी, शहाजी, शिवाजी ही नावं ती दगडावर वाचून शिकली. त्यामुळे तिच्या मनात 'आपलं गाव' म्हणजे एका भिंतीच्या पलीकडचा कुठला तरी मुलूख.

मी लग्न होऊन पुण्याला आले त्याला बावीस वर्षं झाली. दर दिवाळीला आत्या फोनवर विचारायची, "वेरूळ तुझ्यापासून किती लांब गं?" आणि दर दिवाळीला मी म्हणायची, पुढच्या वर्षी नेते. गेल्या नोव्हेंबरात धाकट्या भावाने तिला विमानात बसवूनच आणलं.

आता पहिली चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. आम्ही पोचलो मंगळवारी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. (अजिंठा सोमवारी.) मी बावीस वर्षं महाराष्ट्रात राहून हे बघितलं नव्हतं. फाटकाबाहेर गाडी थांबली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. आत्या मात्र शांत. म्हणाली, "गाव तर उघडं आहे ना? मग आधी गाव बघू."

आणि ते फार बरं झालं.

आधी घृष्णेश्वराला गेलो. तांबूस दगडाचं देऊळ. मालोजीराजांनी जीर्णोद्धार केल्याचं सांगतात, आज उभं आहे ते अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी अंगातले कपडे काढायचे, उघड्या अंगाने आत जायचं. भाऊ सदरा काढायला लागला तशी आत्या खूश झाली. दक्षिणेत असं करतात ते तिला माहीत होतं, पण इकडेही असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग शिवालय तीर्थ. खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि मध्ये ती आठ छोटी देवळं. आत्या काठावरच बसली, तिचे गुडघे पायऱ्यांना राजी नव्हते.

तिथून भोसल्यांच्या गढीकडे गेलो. बाबाजी भोसले इथले पाटील, त्यांचे मुलगे मालोजी आणि विठोजी. गढी म्हणजे आता खणून उघडे केलेले पाये आणि गुडघ्याएवढ्या भिंती. बघण्यासारखं फार नाही असं मला वाटलं. आत्या मात्र एका कोपऱ्यात बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले तर ती हवेत बोट फिरवत होती. काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "लिहून बघतेय. तिथे वाचलं ना, ते इथे लिहून बघतेय."

रस्त्याच्या कडेला एक आजीबाई सीताफळं घेऊन बसल्या होत्या. आत्याने भाव विचारला. तिचं मराठी जुनं आणि तमिळ हेलाचं, पुण्यात दुकानदार तिला हिंदीत उत्तर देतात आणि ती खट्टू होते. या बाईंनी सरळ मराठीत उत्तर दिलं आणि विचारलं, "कोन्त्या गावाच्या हो माय तुमी?"

आत्या म्हणाली, "तंजावूर."

"ते कोन्त्या तालुक्यात येतं?"

आत्याने तिला नीट सांगितलं. कावेरीच्या काठी, दोन दिवस आगगाडी लागते, तिथे भोसल्यांचं राज्य होतं, आमचे पूर्वज इथून तिथे गेले, साडेतीनशे वर्षं झाली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग माहेरी आलाव म्हना की," आणि तोललेल्या सीताफळांवर आणखी दोन ठेवली. पैसे देऊ केले तर घेईनात. आत्याने ती दोन फळं वेगळी पदरात बांधली. एक आम्ही खाल्लं. दुसऱ्याच्या बिया ती तंजावरला घेऊन गेली आहे.

बुधवारी कैलास लेणं. कैलास पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर समोरून ऊन येतं हे हॉटेलातल्या एका मुलाने सांगितलं, म्हणून आम्ही तीनला गेलो. दारातून आत शिरलं की समोर गजलक्ष्मी, मग डाव्या-उजव्या हाताला अंगण, दोन दगडी हत्ती, दोन उंच ध्वजस्तंभ. सगळं एकाच डोंगरातून कोरून मोकळं केलेलं, अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. हे आकडे मी आधी वाचून ठेवले होते, पण आत गेल्यावर आकड्यांचा काही उपयोग होत नाही. चारी बाजूंनी कडा उभा आणि मधोमध देऊळ.

आत्या अंगणात मध्येच थांबली. मान वर करून शिखराकडे बघत राहिली. मला वाटलं चक्कर येतेय, मी हात धरला. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "अगं, हे विमान तर आपल्याकडचं आहे!"

आमच्याकडे गाभाऱ्यावरच्या बांधकामाला विमान म्हणतात. एकावर एक चढत जाणारे मजले, प्रत्येक मजल्याला छोट्या देवळांची माळ, आणि सगळ्यात वर आठ कोनांचा घुमट. मोठ्या देवळाचं अगदी असंच आहे, फक्त ते २१६ फूट उंच जातं. मी कैलास याआधी दोनदा पाहिला होता, सहलीला गेल्यासारखा. मला कधी दिसलं नव्हतं. आयुष्यभर रोज सकाळी ज्या बाईने खिडकीतून तो आठ कोनी घुमट बघितला, तिला पहिल्या नजरेत दिसलं.

मग ती वेगळ्याच हुशारीने फिरू लागली. आम्ही मागे आणि ती पुढे. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतो ते शिल्प आहे ना, तिथे तर खिळलीच. खाली अंधारात दहा तोंडांचा रावण हात पसरून डोंगराला खांदा देतोय. वर पार्वतीने शंकराचा दंड घट्ट धरलाय. एक दासी घाबरून पाठ फिरवून पळत सुटलीय. शंकर मात्र बसल्या जागी पायाच्या बोटाने डोंगर दाबतोय. आत्याने आधी तेवारम, म्हणजे तमिळ शिवस्तोत्र, म्हटलं, संतकवी संबंदरांचं. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक पदात (पदिकात) आठव्या कडव्यात हा रावण येतोच. ते संपलं तशी लगेच आजोबांच्या कीर्तनातली एक साकी म्हटली, मराठीत. (तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद अजून गातात, ते तंजावरच्या मराठी कीर्तनकारांमुळे.) शेजारी शाळेची सहल होती, पोरं गप्प झाली.

शिखरावर अजून पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे चिकटलेले दिसतात. आत मंडपाच्या छतावर रंगसुद्धा आहेत, याला रंगमहाल म्हणत ते त्यामुळेच. आत्या जिना चढू शकली नाही, भावाने वर जाऊन फोनवर सगळं दाखवलं.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पूर्वजांच्या गावी आले, तर इथे आपल्या गावचं देऊळ. आणि आपल्या गावच्या देवळावर पूर्वजांची भाषा. कोण कुठून कुठे गेलं गं?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून धागा. प्रश्न दोन. हे साम्य खरं आहे की आत्याच्या डोळ्यांची माया? आणि पोथीचं ते पान कोणी वाचून देईल का? फोटो आहे.

शांत_दुपार

वाचून डोळे भरून आले. आत्यांना नमस्कार सांगा. माझ्या आईला न्यायचं आहे, तिचेही गुडघे गेलेत. खाली अंगणात फिरता येतं का, की आत शिरायलाच पायऱ्या आहेत?

कावेरीकाठ

अंगण बहुतेक सपाट आहे, जमीन खडबडीत असली तरी काठी घेऊन जमतं. देवळाच्या मंडपात जायचे जिने मात्र चढणीचे आणि आत अंधार. अंगणातून चारी बाजूंनी फिरलं तरी दोन तास पुरतात, रामायण-महाभारताचे पट, हत्तींचा थर, रावण, नद्यांचं देवघर, सगळं खालीच आहे. पाणी बरोबर ठेवा. जैन लेणी लांब आहेत, तिकडे बसने जा.

सातमाळ

आत्याबाईंच्या नजरेला दंडवत. ही डोळ्यांची माया नाही, हे खरंच आहे, आणि ते कसं घडलं हेही बऱ्यापैकी माहीत आहे.

सुरुवात कांचीपासून करा. तिथे पल्लव राजा राजसिंहाने आठव्या शतकाच्या आरंभी कैलासनाथाचं देऊळ बांधलं. पुढे बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य कांचीवर चालून गेला. कांची जिंकली, पण देवळाची संपत्ती लुटली नाही, परत केली, आणि तसा कन्नड लेख त्याच कैलासनाथाच्या देवळात कोरून ठेवला. तो आजही आहे. त्या विजयाच्या स्मरणार्थ त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, बदामीजवळच्या पट्टदकलला लोकेश्वराचं देऊळ उभारलं. आज आपण त्याला विरूपाक्ष म्हणतो. साल ७४० च्या आसपास. ते दक्षिणी विमानाचं देऊळ आहे, कांचीशी त्याचं नातं उघड दिसतं.

मग राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांचं राज्य घेतलं. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, त्याचा लेख आहे. त्याच्यामागून चुलता कृष्ण पहिला गादीवर आला, साधारण ७५६ ते ७७३. कैलास त्याच्या नावावर आहे. विरूपाक्ष बघून लगेच कैलास बघा: पुढे गोपुर, मग नंदीमंडप, मग खांबांचा मंडप, मग विमान, तीच मांडणी. फक्त पट्टदकलला दगडावर दगड रचला, इथे वरून खाली डोंगर काढून टाकला. तंजावरचं देऊळ राजराज चोळाने पुरं केलं १०१० साली, कैलासानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. तिकडेही तीच द्रविड परंपरा पुढे वाढत गेलेली.

म्हणजे विमान कांचीहून पट्टदकलला आलं, पट्टदकलहून वेरूळला. आणि माणसं वेरूळहून तंजावरला गेली. दोन्ही वाटा उलटसुलट, पण मुलूख तोच.

कावेरीकाठ

सातमाळ, तुमचा प्रतिसाद मी आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती दोनदा वाच म्हणाली. कांचीच्या देवळात ती गेली आहे, पण तिथे कन्नड लेख आहे हे तिला माहीत नव्हतं. तिचं म्हणणं असं की जिंकलेल्याने लुटलं नाही आणि तसं दगडावर लिहिलं, हे मुलांना शाळेत का शिकवत नाहीत?

खडूफळा

लेख मनापासून आवडला. तरी एक गोष्ट बोलतो, रागावू नका. कैलास आठव्या शतकातला, भोसल्यांची पाटीलकी सोळाव्या शतकातली. मध्ये आठशे वर्षं. राष्ट्रकूट गेले, यादव गेले, सुलतान आले. त्या लेण्याचा आणि तुमच्या पूर्वजांचा संबंध काय? पूर्वजांचं गाव म्हणा, ते ठीक. पण तिथलं लेणं 'पूर्वजांचं' म्हणायला लागलो की मग जो तो आपल्या सोयीचं लेणं आपलं म्हणू लागतो. वेरूळला ३४ लेणी आहेत, पहिली बारा बौद्धांची, शेवटची पाच जैनांची. त्यांचे वारस कोण?

कावेरीकाठ

रागावले नाही, प्रश्न बरोबर आहे. मी कैलास आमच्या पूर्वजांनी केला असं म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. माझ्या मनात आहे ते इतकंच: जी माणसं इथून गेली ती या डोंगराच्या कुशीत राहिली असतील, गुरं घेऊन या येळगंगेच्या काठी आली असतील, पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याशेजारचा धबधबा त्यांनी पाहिला असेल. आणि तंजावरला पोचल्यावर परक्या मुलखात त्यांना पहिल्यांदा तो आठ कोनी घुमट दिसला, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आत्याला जे इथे वाटलं तेच त्यांना तिथे वाटलं असेल का? मला हा विचार सोडत नाहीये.

लेणी एक ते बारासुद्धा आम्ही पाहिली. दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत ना, तिथे आत्या म्हणाली आवाज कसा घुमतोय बघ. तिथेही ती गायली. वारस कोण ते मला माहीत नाही, पण तिचं गाणं तिथे परकं वाटलं नाही.

सातमाळ

खडूफळा, मुद्दा मान्य. त्यात एक भर: राष्ट्रकूट आणि चोळ हे एकमेकांचे वैरी होते. ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत तिसऱ्या कृष्णाच्या सैन्याने चोळ युवराज राजादित्याला मारलं. त्यानंतर साठ-एक वर्षांत राजराजाने तंजावरचं देऊळ पुरं केलं. तरीही देवळाचा आकार दोघांचा एक. वारसा रक्ताने जातो असं धरलं तर हे समजणारच नाही.

विश्वामित्रीकाठ

कावेरीकाठ, तुमचं नाव बघूनच धागा उघडला. आम्ही बडोद्याचे मराठी, सात पिढ्या. घरात मराठी, बाजारात गुजराती, तुमच्यासारखंच.

कैलासाचा आणि बडोद्याचाही एक धागा आहे. कैलास कृष्ण राजाने केला हे आपल्याला सांगतो तो ताम्रपट बडोद्याला सापडला. गुजरातच्या शाखेतल्या राष्ट्रकूट कर्काचा, शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३. त्यात एळापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव थबकतात आणि म्हणतात, हे स्वयंभू शिवाचं स्थान असलं पाहिजे, माणसाच्या हातून अशी शोभा होत नाही. आणि ज्याने ते केलं तो कारागीर स्वतःच थक्क होतो, 'हे मी केलं तरी कसं!'

लहानपणी बाबांनी हे सांगितलं तेव्हा मला त्या कारागिराचं फार वाटलं होतं. काम संपलंय, तो मागे सरून बघतोय, आणि त्याच्या हाताची ओळख त्यालाच पटत नाहीये. त्याचं नाव मात्र ताम्रपटात नाही.

येळगंगा

मी खुलताबाद तालुक्यातला. लेण्यांत लहानाचा मोठा झालो. आत्यांना सीताफळं देणाऱ्या माऊली कोण ते माझ्या लगेच लक्षात आलं. तुमचा निरोप त्यांना सांगतो. त्या दर हंगामात तिथेच बसतात.

कारागिराच्या नावाचं लिहिलंत. ताम्रपटात नसेल, पण आमच्याकडे आहे: कोकस. जुन्या मराठी कथाकल्पतरूत ही गोष्ट आलीय आणि गावात आजही सांगतात. एलू राजा आजारी पडला. राणी माणिकावतीने नवस केला, राजा बरा झाला तर शंकराचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस बघेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता आली पंचाईत! पाया खणून भिंती रचून कळस दिसायला वर्षं लागणार, तोवर राणी जगेल कशी? कारागीर हात जोडून मागे सरायला लागले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केलं. आधी कळस, मग शिखर, मग खाली. राणीने कळस पाहिला आणि जेवली. देवाचं नाव माणिकेश्वर पडलं ते तिच्यावरून.

मी लहानपणी आजीला विचारायचो, खरं का हे? आजी म्हणायची, वरून खाली कोरलंय ते तर खरं ना, मग राणीला भूक लागली होती हे खरं मानायला काय जातं?

आणखी एक: लीळाचरित्रात एळापूर येतं. चक्रधरस्वामी इथे राहून गेलेत. म्हणजे मराठी गद्याच्या पहिल्या ग्रंथात तुमचं गाव आहे. पुढच्या वेळी आत्यांना हे नक्की सांगा. आणि कैलासाच्या बाजूने वर डोंगरावर जायची वाट आहे, तिथून शिखर डोळ्यांसमोर येतं, मंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह दिसतात. आत्यांना चढवणार नाही, पण तुम्ही जा.

कावेरीकाठ

कोकसाची गोष्ट मी आत्याला अजून सांगितलेली नाही. रविवारी निवांत सांगणार आहे. माऊलींना नक्की सांगा की बिया कुंडीत लावल्या आहेत.

भाऊ वरून चढून गेला होता, सिंहांचे फोटो काढलेत त्याने. आत्या त्यातला एक सिंह बघून म्हणाली, याचं तोंड मांजरासारखं प्रेमळ आहे.

मोडीवेडा

पानाचा फोटो रात्री दोन तास भिंगाखाली पाहिला. सावकाश लिहितो, कारण मला जे दिसलं ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही.

लेखन घोटून घोटून केलेलं, हात सराईत आहे. कागद जाड, हातकागद. पहिल्या दोन ओळींत गोत्र आणि 'तुळजापुर'. तिसऱ्या ओळीत नाव, शेवटी 'पंत' स्पष्ट. चौथ्या ओळीत 'मुळ गाव' हे स्पष्ट. पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कसरीने खाल्लंय. फक्त शिरोरेघेच्या बाजूचा एक तुकडा आणि वर मात्रेसारखी रेघ राहिली आहे. नंतर 'र', त्याला जोडून वळण, आणि शेवटी 'ळ'. तुमच्या घरी 'वेरूळ' वाचतात. होऊ शकतं. पण 'र'चं ते वळण मला उकारापेक्षा ओकाराचं जास्त वाटतं. तसं असेल तर शब्द '…रोळ' होतो. लातूर जिल्ह्यात येरोळ नावाचं गाव आहे. तिथून तुळजापूरही जवळ.

छातीठोक सांगत नाही. अक्षर खाल्लेलं आहे ते खाल्लेलं आहे. पण शंभर वर्षं घरात जे वाचलं जातंय ते आधी माहीत असल्यामुळे तसं दिसतं, असं मोडीत नेहमी होतं. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांची बरीच दप्तरं आहेत. तिसऱ्या ओळीतलं नाव तिथल्या एखाद्या कागदात गावासकट सापडलं तरच उलगडा होईल. तुम्हाला तिथे जाता येत असेल तर नावाचा मोडीतला नमुना मी काढून देतो, म्हणजे दप्तरं बघणाऱ्यांना ओळखायला सोपं जाईल.

शांत_दुपार

अरे देवा. कावेरीकाठ, आत्यांना हे सांगणार का?

खडूफळा

सांगा. त्यांनी दगडावरून अक्षरं शिकलीत, त्यांना खरं ऐकायचा हक्क आहे.

तेरणामांजरा

मी लातूरचा. येरोळ आमच्याकडे, शिरूर अनंतपाळ तालुक्यात. मोडीवेडा यांचं वाचन बरोबर की चूक हे मला कळत नाही, पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितोय.

ज्या राष्ट्रकूटांनी कैलास कोरला ते स्वतःला काय म्हणवून घेत माहीत आहे का? 'लट्टलूरपुरवराधीश्वर'. लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. राज्य पसरलं, राजधानी मान्यखेटला गेली, तरी बिरुद लातूरचंच ठेवलं. म्हणजे त्यांचंही मूळ गाव पोथीच्या मागच्या पानावर होतं म्हणा.

तेव्हा तुमचं घर वेरूळचं असो की येरोळचं, आत्यांनी जे विमान बघितलं ते करवून घेणाऱ्या राजांचं मूळ गाव आमच्याकडे. इकडे औसा तालुक्यात खरोशाची लेणीही आहेत, लहान आहेत, पण मायेची. कधीही या. उतरायची सोय आमच्या घरी.

कावेरीकाठ

दोन दिवस उशिराने लिहितेय. मला आधी हिंमत होत नव्हती.

काल रात्री फोन केला आणि सगळं सांगितलं. मोडीवेडा यांचं वाचन जसंच्या तसं, मग तेरणामांजरा यांचं बिरुदाचं. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कटला. मग पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. तिने पोथी काढली होती. भिंग आणायला कोणाला तरी सांगितलं. म्हणाली, "हो गं. रो आहे हे. आमचे अप्पा रु वाचायचे म्हणून आम्ही रु वाचलं."

मी विचारलं, वाईट वाटलं का. त्यावर म्हणाली, "सीताफळवालीने मला माहेरवाशीण म्हटलं, ते मी परत देणार नाही." आणि थोड्या वेळाने, "ते लट्टलूर परत एकदा सांग. कागदावर लिहून घेते."

मोडीवेडा, नावाचा नमुना कृपा करून पाठवा. सोमवारी ती स्वतः सरस्वती महालात जाणार आहे. तेरणामांजरा, येरोळमध्ये जुनं देऊळ आहे का, आणि शिखर कसं आहे, तेवढं बघून सांगाल का? तिने विचारलंय.